टीम नाशिकची, मॅच गहुंजेला!

नाशिकच्या नावाची टीम चॅम्पियन झाली, तीही नाशिकमध्ये एकही मॅच न खेळता. आणि नाशिकच्या मैदानावर खरंखुरं क्रिकेट येतं, तेव्हा टाळ्या वाजवायला माणसं शोधावी लागतात. तेव्हा पुढच्या ट्रिपमध्ये वायनरीच्या आधी एक वळण गोल्फ क्लबकडे घ्या, बॉस!

ऑफिसात कुणी ‘या वीकएण्डला नाशिक’ म्हटलं, की पुढचं सगळं ठरलेलंच असतं. शनिवारी पहाटे गाडी काढायची, कसारा घाट चढायचा, दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या वायनरीत हातात ग्लास धरून फोटो काढायचे. रविवारी सकाळी झणझणीत मिसळ, मग आईने बजावलंय म्हणून काळाराम मंदिर, आणि निघताना चिवड्याची पाकिटं. सोमवारी पुन्हा क्युबिकल.

बेत झकास आहे, तक्रार काहीच नाही. पण या शहरात बघण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिला टेस्टिंग फी नाही, ड्रेसकोड नाही, आगाऊ बुकिंगची झंझट नाही. अडचण एकच, ती वर्षातून फार तर चार दिवस येते. कधीकधी तर येतच नाही. सिंहस्थ निदान बारा वर्षांनी नेमाने येतो, हिचं तसंही नाही.

ही गोष्ट म्हणजे रणजी ट्रॉफीची मॅच.

‘रणजी? ती कोण बघतं?’ असं तुम्ही म्हणणार, हे माहीत आहे. नेमका तोच तर प्रश्न आहे!

नाव आमचं, मैदान तुमचं

आधी नाशिकच्या दुसऱ्या टीमबद्दल बोलू. ती तुम्हाला जास्त ओळखीची असेल. २०२३ च्या जूनमध्ये महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. एमपीएल म्हणजे आयपीएलचा मराठमोळा धाकटा भाऊ. पुणेरी बाप्पा, कोल्हापूर टस्कर्स, रत्नागिरी जेट्स, सोलापूर रॉयल्स, छत्रपती संभाजी किंग्ज आणि आपली ईगल नाशिक टायटन्स. नावं ऐकूनच कॉलर ताठ होते. इतकी वर्षं चेन्नई, कोलकाता, बंगळुरूच्या नावाने ओरडून झालं, आता स्वतःच्या गावाच्या नावाने ओरडायचं!

आणि ओरडण्यासारखं घडलंसुद्धा. पहिल्याच हंगामात, पुणेरी बाप्पाविरुद्ध नाशिकच्या अर्शिन कुलकर्णीने ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या. त्यात चौकार तीन आणि षटकार १३! मग बॉलिंगला येऊन २१ धावांत चार विकेट. नाशिक जिंकलं एका धावेने. तेव्हा हा पोरगा १८ वर्षांचा होता. त्याच डिसेंबरात लखनऊच्या टीमने त्याला आयपीएलसाठी २० लाखांना घेतलं आणि २०२४ च्या सुरुवातीला तो दक्षिण आफ्रिकेत अंडर-१९ वर्ल्ड कप खेळत होता. २०२४ मध्ये नाशिक टायटन्स फायनलपर्यंत पोचली आणि रत्नागिरीकडून हरली. २०२५ मध्ये मात्र रायगड रॉयल्सला हरवून ट्रॉफी उचलली. तीन वर्षांत एक फायनल आणि एक विजेतेपद, म्हणजे परफॉर्मन्स रिव्ह्यूमध्ये फुल मार्क्स.

आता या यशाची दुसरी बाजू बघा. अर्शिन मूळचा सोलापूरचा. बरं, त्यात काही वावगं नाही, लिलावात खेळाडू कुणाच्याही वाट्याला येतो. चेन्नईचा सगळ्यात लाडका माणूस तरी कुठे चेन्नईचा आहे? पण चेन्नईची टीम चेपॉकवर खेळते. तिथला प्रेक्षक पिवळा टी-शर्ट घालून लोकलने किंवा रिक्षाने मैदानावर जातो. नाशिक टायटन्सच्या २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही हंगामांतल्या सगळ्या मॅचेस झाल्या पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर. नाशिकपासून सुमारे २०० किलोमीटर दूर. सिडकोतल्या एखाद्या शाळकरी पोराला आपल्या शहराची टीम बघायची, तर टीव्ही नाहीतर बाबांचा मोबाइल. म्हणजे चेन्नईची टीमही तिथेच दिसते आणि नाशिकचीही. मग दोघींत फरक काय राहिला?

कारणं समजण्यासारखी आहेत. जूनमध्ये पावसाचा भरवसा नसतो, त्यामुळे पाणी झटपट निचरणारं मैदान हवं. रात्रीच्या मॅचेसना टीव्हीच्या दर्जाचे दिवे हवेत. कॅमेऱ्यांचा फौजफाटा दर तीन दिवसांनी नव्या गावी हलवायचा, तर खर्चाचा आकडा बघून कुठलाही सीएफओ घाम पुसेल. एका मैदानावर सगळं उरकणं स्वस्त आणि सुरक्षित. शिवाय एमपीएल नसती तर अर्शिनचे ते १३ षटकार आपल्याला दिसले असते का, हाही मुद्दा खराच. त्यामुळे लीगला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण हिशेबातून एक गोष्ट गळली. टीमला गावाचं नाव मिळालं, गावाला टीम मिळाली नाही.

अमेरिकेतली तालुका टीम

तुमचा कुणी मावसभाऊ अमेरिकेत असेल, तर त्याला मायनर लीग बेसबॉलबद्दल विचारा. ऑनसाइटला गेलेल्यांनी एखादी मॅच बघितलीही असेल. न्यूयॉर्क यांकीज वगैरे बड्या टीम्सच्या खाली तिथे छोट्या टीम्सची अख्खी उतरंड आहे. डरहॅम बुल्स, टोलीडो मड हेन्स असली गमतीदार नावं. मड हेन म्हणजे पाणथळ जागेतली कोंबडीसारखी दिसणारी पक्षीण! या टीम्स लहान शहरांत राहतात, आणि ‘राहतात’ हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येकीचं आपलं मैदान असतं आणि हंगामात घरच्या मैदानावर ६५ ते ७५ मॅचेस होतात. म्हणजे उन्हाळ्यात आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी माणसं ऑफिस सुटलं की मुलांना घेऊन मैदानावर जातात. तिकीट परवडणारं, हातात हॉट डॉग, समोर असे खेळाडू ज्यांची नावं देशात कुणाला माहीत नाहीत. त्यातला एखादा पुढे वर जातो, स्टार होतो. मग गावातला माणूस आयुष्यभर सांगत फिरतो, ‘याला मी इथे बघितलाय, तिसऱ्या रांगेतून!’

तिथेही सगळं गोडगोड नाही. २०२१ च्या हंगामाआधी बड्या लीगने खर्चाचं गणित मांडलं आणि खालच्या टीम्सची संख्या १६० वरून १२० वर आणली. सुमारे ४० गावांचा बड्या लीगशी असलेला धागा तुटला. काहींनी दुसऱ्या छोट्या स्पर्धांत जागा शोधली, पण ‘उद्याचा स्टार आज आपल्या गावात’ ही मजा गेली. त्यावर तिथे राजकारण्यांपर्यंत ओरडा झाला. का? तर संध्याकाळी जायची हक्काची जागा गेली म्हणून.

आपल्याकडे असा ओरडा व्हायचा, तर आधी ती जागा आपली आहे हे ठाऊक हवं. नाशिकमध्ये ती आहे.

गोल्फ क्लब, पण गोल्फ शोधू नका

त्र्यंबक रोडने सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला आलात, की इदगाह मैदानाच्या शेजारी एक मोठं मोकळं मैदान लागतं. रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणा, तो बरोबर सोडेल. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. हे नाव उगाच पाटीवर लावलेलं नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता आणि कलेक्टर जॅक्सन पाहुणा म्हणून आला होता. त्याची बदली झाली होती, निरोपाचे कार्यक्रम चालू होते. तिथे विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. मैदानावर चेंडू शोधत पळणाऱ्या पोरांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब’च असतं, पण स्कोअरकार्डावर कधीकधी कान्हेरेंचं नाव छापलं जातं. एका इंग्रजी आणि एका क्रांतिकारक नावाचं हे मैदान दोन्ही नावं बिनतक्रार वागवतं.

एरवी हे मैदान सगळ्या गावाचं. कडेने जॉगिंग ट्रॅक, त्यावर पहाटेपासून बूट घासणारे काका-काकू, डॉक्टरांनी शुगरचा आकडा सांगितल्यावर अचानक फिटनेस आठवलेले आयटीवाले, आणि बाकावर बसून पेपर वाचणारे आजोबा. इथे राजकीय सभा गाजतात. नाशिक जिल्हा क्रिकेट असोसिएशनचा कारभारही इथलाच. सुट्टीच्या दिवशी पाठीवर किट बॅग घेतलेली पोरं इथे उतरतात. कुणी सातपूरहून सायकलवर, कुणी सिन्नरहून एसटीने. ती बॅग पोरापेक्षा मोठी असते आणि बहुतेक वेळा बापाच्या बजेटपेक्षाही.

या मैदानावर जेव्हा रणजी येते, तेव्हा काय होतं? खरं सांगायचं तर फार काही होत नाही. डीजे नाही, चीअरलीडर्स नाहीत, स्क्रीनवर रिप्ले नाही. पांढऱ्या कपड्यातली १३ माणसं आणि दोन अंपायर सकाळी साडेनऊला मैदानात उतरतात आणि दिवसभरात ९० ओव्हर टाकायचा प्रयत्न करतात. पण तुम्ही सीमारेषेपासून हाकेच्या अंतरावर असता. विकेटकीपरची बडबड ऐकू येते, तीही मराठीत. फास्ट बॉलर रनअपला निघतो तेव्हा त्याच्या बुटांचा आवाज येतो. टीव्हीवर १३५ किलोमीटरचा चेंडू तुम्हाला ‘मीडियम’ वाटतो ना? इथे बसून बघा. तो बॅटला लागला की जो आवाज होतो, त्याने हातातला चहा हिंदकळतो.

सगळे बीकेसीला, मॅच नाशिकला

२३ जानेवारी २०२५ ही तारीख घ्या. ऑस्ट्रेलियात टेस्ट सीरिज हरून आल्यावर बोर्डाने स्टार मंडळींना ‘चला, डोमेस्टिक खेळा’ म्हणून पिटाळलं होतं. त्या दिवशी मुंबईत बीकेसीच्या मैदानावर रोहित शर्मा जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळायला उतरला. कॅमेरे, गर्दी, सेल्फी, सगळा मीडिया तिकडे. रोहित तीन धावा करून आऊट झाला आणि पुढे जम्मू-काश्मीरने मुंबईला हरवलंही. आठवडाभराने दिल्लीत विराट कोहली खेळला, तेव्हा सकाळी सकाळी हजारोंची रांग लागली. त्याच्या सहा धावा झाल्या आणि स्टेडियम निम्मं रिकामं झालं.

त्याच २३ जानेवारीला, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर, नाशिकच्या गोल्फ क्लबवर महाराष्ट्र विरुद्ध बडोदा सुरू झाली. महाराष्ट्राकडे ऋतुराज गायकवाड होता, म्हणजे इथेही आयपीएलचा एक चेहरा होताच. महाराष्ट्राने पहिल्या डावात २९७ केल्या. बडोदा १४५ वर गुंडाळला. दुसऱ्या डावात महाराष्ट्राने ७ बाद ४६४ वर डाव सोडला आणि बडोद्यापुढे लक्ष्य ठेवलं ६१७ धावांचं. बडोदा १७७ वर ऑल आऊट. महाराष्ट्र ४३९ धावांनी जिंकला!

आता आकडे बाजूला ठेवा आणि एवढं बघा. चार दिवसांच्या मॅचमध्ये थंडीच्या सकाळी खेळपट्टीतून चेंडू वेगळा वागतो, दुपारच्या उन्हात वेगळा, चौथ्या दिवशी आणखी वेगळा. पहिल्या दिवशी गुणी वाटलेला बॅट्समन चौथ्या दिवशी पाय कुठे टाकावा या विचारात पडतो. वीस ओव्हरच्या मॅचमध्ये चूक झाली तर ‘बॅड डे’ म्हणून सुटता येतं. इथे तुमची चूक दुसऱ्या डावात परत समोर येऊन उभी राहते. अगदी ऑफिससारखं! शुक्रवारी पाठवलेला घोळ सोमवारी इनबॉक्समध्ये असतोच.

आणि एवढा दणदणीत विजय मिळवूनही त्या हंगामात महाराष्ट्र पुढे गेला नाही. त्या गटातून जम्मू-काश्मीर आणि मुंबई बाद फेरीत गेले. रणजीचं हे असंच असतं. लीगच्या सात मॅचेस, त्यातल्या घरच्या फार तर चार. पूर्ण विजयाला सहा गुण. मॅच अनिर्णीत राहिली तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक. म्हणून कधीकधी नवव्या विकेटच्या जोडीने काढलेल्या वीस धावांवर अख्खा हंगाम फिरतो. आणि ते बघायला मैदानात असतात शंभरेक जण. त्यातले निम्मे जॉगिंग ट्रॅकवरून ‘जरा बघू’ म्हणून थांबलेले.

आपली टीम नेमकी कुठली?

इथे एक गोंधळ दूर करू. महाराष्ट्र नावाच्या राज्यात रणजीच्या टीम्स तीन. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईने २०२४ मध्ये ४२ वी ट्रॉफी जिंकली. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा बाजी मारली. आणि उरलेल्या महाराष्ट्राची, म्हणजे पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, जळगाव यांची टीम? ती दोनदा जिंकली, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. कॅप्टन होते प्रा. दि. ब. देवधर. त्यानंतर ही टीम १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये फायनलला गेली आणि तिन्ही वेळा हरली. २०१३-१४ ची टीम तर वानखेडेवर मुंबईला नमवून आली होती. केदार जाधवने त्या हंगामात १,२२३ धावा काढल्या. तरी ट्रॉफी कर्नाटकने नेली.

याच महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. समोरच्या टीमने मॅचच सोडून दिली! निंबाळकर कधीही टेस्ट खेळले नाहीत. अशा टीमचा फॅन व्हायला थोडं काळीज लागतं. जिंकणाऱ्याच्या मागे कुणीही उभं राहतं, राव.

नाशिकने तर क्रिकेटला फार मोठा माणूस दिलाय. बापू नाडकर्णी, जन्म नाशिक, ४ एप्रिल १९३३. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ ओव्हर मेडन टाकल्या. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही! त्या डावातलं त्यांचं पृथक्करण ३२-२७-५-०. म्हणजे ३२ ओव्हरमध्ये पाच धावा. आज एका नो बॉलवर त्याहून जास्त जातात. बापूंची सुरुवात महाराष्ट्राकडून झाली, पण नाव झालं मुंबईकडून खेळताना. २०२० च्या जानेवारीत ते मुंबईतच गेले.

तीच वाट आजही चालू आहे. नाशिकच्या सत्यजित बच्छावची डावखुरी फिरकी महाराष्ट्राच्या कामी आली. सिन्नरची माया सोनवणे मे २०२२ मध्ये महिलांच्या टी-२० चॅलेंजमध्ये खेळली, तेव्हा तिची मान खाली घालून चेंडू टाकायची अ‍ॅक्शन बघून लोकांना दक्षिण आफ्रिकेचा पॉल अ‍ॅडम्स आठवला. साहिल पारखने सप्टेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीत ऑस्ट्रेलियाच्या अंडर-१९ टीमविरुद्ध ७५ चेंडूंत नाबाद १०९ केल्या. नाशिकच्याच रामकृष्ण घोषला नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात चेन्नईने ३० लाखांना घेतलं.

हे ३० लाख म्हणजे किती, याचा हिशेब आपल्या भाषेत करू. २०२१ मध्ये बोर्डाने ठरवलेल्या दरांप्रमाणे, २० पर्यंत सामने खेळलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला ४० हजार, २१ ते ४० सामनेवाल्याला ५० हजार आणि त्यापुढे ६० हजार. राखीव खेळाडूला निम्मे. नवा पोरगा लीगच्या सातही मॅचेस पूर्ण चार दिवस खेळला, तर ११ लाख २० हजार. म्हणजे आयपीएलच्या जवळजवळ तळातल्या एका बोलीएवढे पैसे मिळवायला त्याला अडीचहून जास्त हंगाम उन्हात उभं राहावं लागतं. आणि हे टीममध्ये असलेल्याचं गणित. पंधरात नाव नसलेल्याचा सीटीसी शून्य. दुखापत झाली, एक हंगाम गेला, मागून दुसरा आला, की विषय संपला. वय २७, रेझ्युमेवर क्रिकेटशिवाय काही नाही. तुम्ही समोर बघत असलेल्या थर्ड मॅनवरच्या पोराच्या डोक्यात हे सगळं चालू असतं. चेंडू अडवायला तो जी उडी मारतो ना, ती टीव्हीसाठी नसते. टीव्ही बहुतेक वेळा नसतोच.

मग आपण काय करायचं?

मोर्चा काढायचा नाही. नाशिक टायटन्सच्या नावाने ओरडणं सोडायचंही नाही. जिंकलेत, ओरडायलाच हवं. पण टीम आपली कधी होते? जर्सीवर गावाचं नाव लागलं म्हणून नव्हे. ऑफिस सुटल्यावर पंधरा मिनिटांत तिथे पोचता येतं तेव्हा होते. पोरगा बापाचा हात सोडून दोरीपाशी जातो आणि फिल्डिंग करणारा ‘काय रे, खेळतोस का?’ असं विचारतो, तेव्हा होते. हे गहुंजेहून करता येत नाही. मोबाइलच्या स्क्रीनवरून तर नाहीच.

रणजीची मॅच ही संधी देते आणि आपण ती अर्धी रिकामी सोडतो. मॅच कुठल्या गावाला द्यायची, हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं. पुणे आहे, सोलापूर आहे, मागणारे बरेच. नाशिकला दिली आणि चार दिवस मैदानाभोवती फक्त जॉगिंगवालेच दिसले, तर पुढच्या वेळी नाशिकचं नाव कोण पुढे करणार? उलट मैदान भरलेलं दिसलं, तर कुणास ठाऊक, एखाद्या जूनमध्ये नाही पण डिसेंबरात टायटन्सनाही घरची वाट सापडेल. मागणी दिसली की पुरवठा होतो, हे एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरला शिकवतात.

आणि तुमचा स्वार्थही बघा की! वायनरी पुढच्या महिन्यातही तिथेच असणार, मिसळही तिखटच असणार. पण आज गोल्फ क्लबवर सातव्या नंबरला बॅटिंगला येणारा पोरगा दोन वर्षांनी निळ्या जर्सीत दिसला, तर कॅन्टीनमध्ये ‘याला मी नाशिकला बघितलाय, झाडाखालून’ असं म्हणायचा मान पैशाने विकत मिळत नाही. तो झाडाखाली बसूनच मिळवावा लागतो.

जायचं असेल तर…

कधी: रणजीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. २०२४-२५ पासून लीग दोन टप्प्यांत होते, मधल्या काळात वन-डे आणि टी-२० स्पर्धा असतात. वेळापत्रक बोर्डाच्या वेबसाइटवर येतं. त्यात महाराष्ट्राच्या नावापुढे नाशिक दिसलं, की एक सीएल टाकून द्या. मॅच चार दिवसांची, बॉसला पटवायला एखादा वार नक्की सापडेल.

कसं: मुंबईहून सकाळी निघणारी शिर्डीची वंदे भारत किंवा तपोवन एक्स्प्रेस. नाशिक रोड स्टेशनहून मैदान साधारण दहा किलोमीटर. पुण्याहून एसटी किंवा स्वतःची गाडी, अंतर सुमारे २१० किलोमीटर.

काय न्याल: टोपी, पाण्याची बाटली आणि स्वेटर. हसू नका, नाशिकची जानेवारीची सकाळ मुंबईकरांची बोलती बंद करते. दुपारी तोच स्वेटर उशीला घ्यायचा.

किती पैसे: रणजीच्या लीग मॅचला सहसा तिकीट नसतं. चहा मात्र तुमचा तुम्हाला घ्यावा लागेल.

काय कराल: बॉलरच्या हाताच्या रेषेत जागा मिळाली तर उत्तम. पहिला तास फोन खिशात ठेवा. स्कोअर शेजारच्या आजोबांना विचारा. ते स्कोअर सांगतील, त्यासोबत बापू नाडकर्णींच्या २१ मेडनही सांगतील. ऐकून घ्या, लंचला अजून वेळ आहे.